मुंबईची हाफ मॅरेथॉन: मार्ग आधी पायाखालून घाला

टाटा मुंबई मॅरेथॉन २००४ पासून होते आहे आणि ती असते जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. तिच्यातली हाफ, म्हणजे २१.०९७ किलोमीटर, पहिल्यांदा धावायची ठरवली असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. तुम्ही ठाणे-डोंबिवलीहून येणार असाल किंवा नाशिक, कोल्हापूरहून, फारसा फरक पडत नाही. एक मात्र गृहीत धरते: न थांबता, धाप न लागता पाच किलोमीटर तुम्हाला आज जमतं. जमत नसेल तर आधी दोन महिने तेवढंच करा आणि मग इथे या.

नवे धावणारे अंतराचा अभ्यास करतात, रस्त्याचा करत नाहीत. या मार्गाचा पहिला अर्धा भाग सोपा आहे आणि तिथेच माणूस फसतो. माझ्या हिशेबाने शर्यत खरी सुरू होते ती हाजी अलीला. तिथवर पाय ताजे राखले तर पुढचं सगळं निभावतं. सराव त्याच हिशेबाने करायचा.

१. नावनोंदणी आणि कागदपत्रं

हाफच्या जागा लवकर भरतात. नोंदणी कित्येक महिने आधी उघडते, त्यामुळे पावसाळा सुरू झाला की अधिकृत संकेतस्थळावर नजर ठेवायला लागा. हाताशी हे असू द्या:

– आधार, पासपोर्ट किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र. नाव त्यावर जसं आहे तसंच अर्जात लिहायचं. घरचं नाव, लग्नाआधीचं आडनाव असले घोळ बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घेताना निस्तरावे लागतात.
– आधी धावलेल्या एखाद्या टाइम्ड, म्हणजे अधिकृतपणे वेळ मोजलेल्या, शर्यतीचं प्रमाणपत्र. किती जुनं आणि किती अंतराचं चालेल हे त्या वर्षीच्या नियमांत वाचा. सुरुवातीच्या रांगेत तुम्ही पुढे उभे राहणार की मागे, हे त्याच वेळेवरून ठरतं. म्हणून गावच्या शर्यतीत वेळ मोजणारी चिप लावून दहा किलोमीटर एकदा नीट धावून ठेवा.
– टी-शर्टचं माप आणि रक्तगट. सोबत जवळच्या माणसाचा फोन नंबर, शर्यतीत तुमच्याबरोबर धावणाऱ्या मैत्रिणीचा नको.

जागा संपल्या असतील तर सामाजिक संस्थांसाठी निधी उभारून मिळणारे चॅरिटी बिब हा सरळ मार्ग आहे. शेवटच्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर 'बिब देणे आहे' असे निरोप फिरू लागतात, त्या वाटेला जाऊ नका. दुसऱ्याच्या बिबवर धावताना तुम्हाला काही झालं, तर वैद्यकीय तंबूत नाव, वय, रक्तगट सगळं त्या दुसऱ्याचं निघेल.

आणि चाळिशी ओलांडली असेल, बीपी-शुगर असेल किंवा घरात हृदयविकार असेल, तर सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा. 'मला काही होत नाही' हे तुमचं मत झालं, तपासणी नव्हे.

२. मार्ग आधी कागदावर

मार्गात दरवर्षी थोडाफार बदल होऊ शकतो, त्यामुळे त्या वर्षीचा अधिकृत नकाशा उतरवून घ्या. गेल्या काही वर्षांचा हाफचा कणा असा: माहीम रेतीबंदर, माहीम कॉजवे, वांद्रे रेक्लमेशन, सी लिंक, वरळी सी फेस, ॲनी बेझंट रोड, हाजी अली, पेडर रोड, केम्प्स कॉर्नर, बाबुलनाथ, गिरगाव चौपाटी, मरीन ड्राइव्ह, चर्चगेट आणि शेवट आझाद मैदान-सीएसएमटीच्या परिसरात.

हा मार्ग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो. सुरुवात उपनगराच्या वेशीवर, शेवट फोर्टात. गाडी माहीमला लावली तर ती माहीमलाच राहील, इतका साधा मुद्दा शर्यतीच्या सकाळी कितीतरी जणांच्या उशिरा लक्षात येतो.

चढ तसे दोनच. पहिला सी लिंकवर, केबल लावलेल्या भागाकडे जाताना. तो इतका हळू चढतो की डोळ्यांना दिसत नाही, पोटऱ्यांना कळतो. दुसरा पेडर रोड. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर सांगते.

३. मार्ग पायाखाली

सी लिंकवर एरवी पायी जाता येत नाही, दुचाकीही चालत नाही. २००९ मध्ये खुला झालेला हा ५.६ किलोमीटरचा पूल तुमच्या पायांना मिळतो तो शर्यतीच्या पहाटेच. म्हणून त्याची ओळख टॅक्सीतून करून घ्या. वांद्र्याहून वरळीकडे जाताना पुढच्या सीटवर बसा आणि दोन गोष्टी पाहा: चढ कुठे सुरू होऊन कुठे सपाट होतो, आणि रस्त्यात आडवे येणारे जोड कुठे आहेत. शर्यतीत हे जोड अंधारात येतात. जानेवारीच्या मध्यात मुंबईत सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास, आणि हाफ सुटते पहाटे पाचच्या आसपास. म्हणजे पूल तुम्ही दिव्यांच्या उजेडातच पार करणार.

त्यापुढचा भाग मात्र कोणत्याही रविवारी धावून बघता येतो आणि बघायलाच हवा. वरळी सी फेसपासून चर्चगेटपर्यंत साधारण अकरा-बारा किलोमीटर भरतात. नोव्हेंबर-डिसेंबरात निदान दोनदा हा टप्पा करा. पहाटे साडेपाचच्या आत सुरुवात करायची, रविवारीच, कारण आठ वाजले की पेडर रोड गाड्यांचा होतो. वरळीला पोचायला टॅक्सी किंवा मित्राची गाडी धरा, एवढ्या पहाटे मेट्रोचा उपयोग नाही. परतताना मात्र चर्चगेटची लोकल आहे, भुयारी मेट्रोची चर्चगेट आणि हुतात्मा चौक ही स्थानकंही जवळ आहेत. अंधारात एकट्याने, विशेषतः एकटीने, जाऊ नका. दोघी-तिघी असाव्यात, अंगात फिकट रंगाचे कपडे असावेत आणि कानात इअरफोन नसावा. धावायचं फुटपाथवरून किंवा समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूने.

हे करताना घड्याळातला वेग विसरा. डोळे आणि पाय काय सांगतात ते टिपा:

वरळी सी फेस सपाट आहे, समुद्र उजव्या हाताला. इथे वेग आपोआप वाढतो. घड्याळ दर किलोमीटरला दहा सेकंद कमी दाखवू लागलं की मुद्दाम हळू व्हा. हीच सवय शर्यतीत कामाला येते.

ॲनी बेझंट रोडवर मजा अशी काही नाही. रुंद रस्ता, उंच इमारती, बस. शर्यतीतही इथे कंटाळा येतो, त्याची आधी ओळख असलेली बरी.

हाजी अलीचा चौक ओलांडलात की कॅडबरी जंक्शनशी रस्ता फुटतो. उजवीकडे भुलाभाई देसाई रोड, डावीकडे पेडर रोड. पाटीवर त्याचं नाव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग असं आहे. चढ सुरू होतो तो इथे. भिंतीसारखा नाही, पण संपत नाही. वळण येतं, वाटतं आलं डोकं, आणि वळणापलीकडे रस्ता आणखी वर जाताना दिसतो. हे खोटं डोकं कुठे लागतं ते सरावातच पाहून ठेवा. जवळची एखादी इमारत किंवा झाड खूण म्हणून धरा आणि त्यानंतर अजून किती पावलं आहेत ते मोजा. शर्यतीत मन 'आता बस' म्हणू लागतं तेव्हा ही मोजणी आठवते.

केम्प्स कॉर्नरनंतर ह्यूज रोडने बाबुलनाथकडे उतार लागतो. इथे माणसं दमलेल्या मांड्यांवर धडाधड उतरतात आणि गुडघे बोलू लागतात. पावलं लहान, पटापट, शरीर किंचित पुढे. टाच आपटत ब्रेक लावायचे नाहीत.

मग विल्सन कॉलेज, चौपाटी आणि मरीन ड्राइव्ह. समुद्राच्या कमानीमुळे शेवट डोळ्यांसमोर दिसतो आणि जवळ येता येत नाही. नरिमन पॉइंटच्या इमारतींकडे बघत धावू नका, दिव्याच्या एका खांबावरून पुढच्या खांबाकडे बघा.

एक सावधगिरी: कोस्टल रोडच्या कडेचा नवा समुद्री पदपथ २०२५ च्या ऑगस्टपासून लोकांसाठी खुला आहे. सपाट, मोकळा, गाड्या नाहीत. रविवारच्या लांब धावण्याला झकास. पण तिथे धावून 'मार्ग बघितला' असं समजू नका, कारण पेडर रोडचा चढ तो नेमका टाळतो.

४. सोळा आठवडे

सप्टेंबरच्या शेवटी सुरुवात केली की वेळ पुरतो. आठवड्यात चार दिवस धावणं, दोन दिवस ताकदीचा व्यायाम, एक दिवस पूर्ण विश्रांती.

मंगळवारी चार ते सहा किलोमीटर निवांत. बुधवारी चढ किंवा जरा वेगाचं धावणं. शुक्रवारी पुन्हा निवांत पाच-सहा. रविवारी लांब. निवांत म्हणजे किती? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. 'हो', 'नाही' एवढंच जमत असेल तर तुम्ही फार वेगात आहात. नव्यांच्या बहुतेक दुखापती निवांत दिवस निवांत न ठेवल्याने होतात.

रविवारचं अंतर असं वाढवा, किलोमीटरमध्ये:

– आठवडा १ ते ४: ७, ८, ९, ७
– आठवडा ५ ते ८: १०, ११, १२, ९
– आठवडा ९ ते १२: १३, १४, १६, १२
– आठवडा १३ ते १६: १७, १८, १२, शर्यत

दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी होतं ते आळसाने नाही. शरीर त्याच आठवड्यात भर घेतं. सरावात एकवीस पूर्ण करायची गरज नाही. अठरा धावलेला माणूस शर्यतीच्या गर्दीत एकवीस धावतो.

आता खऱ्या अडचणी. ऑक्टोबरची उष्णता आणि दमट हवा तुमचा वेग किलोमीटरमागे अर्धा-एक मिनिट सहज खाते. घाबरू नका, तेवढाच वेळ धावा, अंतर कमी भरलं तरी चालेल. दिवाळीत दोन-चार दिवस बुडणारच. बुडालेलं धावणं पुढच्या आठवड्यात भरून काढायला जाऊ नका, सरळ पुढचं पान उलटा. फराळ खा. चकली खाल्ल्याने मॅरेथॉन बुडालेली मी पाहिलेली नाही, चकलीच्या अपराधी भावनेने दुसऱ्या दिवशी वीस किलोमीटर धावून पोटरी धरलेले पाहिले आहेत. हिवाळ्यात काही दिवशी हवा धुरकट असते. हवेचा निर्देशांक फार वाईट असेल त्या दिवशी घरातच जिने चढा किंवा ताकदीचा व्यायाम करा.

ताकदीचा व्यायाम म्हणजे जिमच हवी असं नाही. उठाबशा, लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं), प्लँक (कोपरं आणि पायाच्या बोटांवर शरीर सरळ धरणं) आणि पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करणं. वीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा. वगळायचंच असेल तर शुक्रवारचं धावणं वगळा, हे नको.

बूट निदान दोन महिने आधी घ्या. संध्याकाळी घ्यायला जा, पाय तेव्हा किंचित सुजलेले असतात, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा. दुकानदार सर्वांत महाग जोड पुढे करेल. तुम्हाला जो चावत नाही तो तुमचा.

५. पेडर रोडसाठी वेगळी तयारी

पाचव्या आठवड्यापासून बुधवार चढाला द्या. साधारण दोनशे ते तीनशे मीटरचा, मध्यम चढाचा रस्ता शोधा. ठाण्याला येऊर आहे, नवी मुंबईला पारसिक हिल, बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता. पुण्यात तळजाई, हनुमान टेकडी. काहीच नसेल तर गावातला उड्डाणपूल. चार फेऱ्यांपासून सुरुवात करून आठपर्यंत न्या. वर जाताना दमछाक होईल पण तोंड उघडं पडणार नाही इतपत, खाली चालत.

तंत्र थोडक्यात: नजर दहा-बारा पावलांवर, चढाच्या डोक्यावर नाही. हात मागे ढकला, पाय आपोआप येतात. पावलं आखूड. वेग घटू द्या, श्वास तोच ठेवा.

दहाव्या आठवड्यानंतर एक बदल करा, आणि या अख्ख्या लेखातलं एकच काही पाळणार असाल तर हे पाळा: रविवारच्या लांब धावण्यात चढ शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात येईल असा रस्ता आखा. ताज्या पायांनी चढलेला चढ आणि बारा-तेरा किलोमीटरनंतर आलेला चढ यांत फार अंतर आहे. पेडर रोड शर्यतीत साधारण दोन तृतीयांश अंतरावर येतो. शरीराला तो त्याच वेळी भेटलेला असावा.

चालत चढलात तर कमीपणा नाही. शंभर पावलं धावणं, तीस पावलं चालणं असं ठरवून चढणारे लोक, हट्टाने धावून वर थांबणाऱ्यांना मरीन ड्राइव्हवर गाठतात.

६. वेगाचा हिशेब

तीन तासांत संपवायचं असेल तर किलोमीटरला ८ मिनिटं ३२ सेकंद. अडीच तासांसाठी ७ मिनिटं ६ सेकंद. सव्वादोन तासांसाठी ६ मिनिटं २४ सेकंद. पहिल्या हाफला यांतलं सोपं वाटतं ते निवडा आणि पहिले तीन किलोमीटर त्याहूनही दहा-पंधरा सेकंद हळू जा. कटऑफची वेळ, म्हणजे शर्यत संपवायची शेवटची मर्यादा, नियमांत पाहून ठेवा. ती गाठताना पेडर रोडवर जाणारी दोन-तीन मिनिटं धरूनच हिशेब करा.

७. खाणं, पाणी आणि लहानसहान वस्तू

ज्याचा सराव केला नाही ते शर्यतीच्या दिवशी पोटात किंवा अंगावर जाता कामा नये. धावताना ताकदीसाठी खायचं जेल, नवे मोजे, आयोजकांनी दिलेला नवा टी-शर्ट, सगळ्याला हाच नियम.

आदल्या रात्री साधं आणि लवकर: वरणभात, दहीभात, खिचडी. कोशिंबीर, उसळ आणि बाहेरचं मसालेदार नको. शर्यतीच्या पहाटे, सुटण्याच्या दीड-दोन तास आधी, केळं, ब्रेडला मध किंवा दोन-तीन खजूर. चहाची सवय असेल तर चहाही घ्या, पोट साफ व्हायला त्याची मदत होते.

रस्त्यावर पाण्याचे थांबे असतात. प्रत्येक थांब्यावर दोन घोट, पूर्ण बाटली नाही. घाम खारट येत असेल, टोपीवर पांढरे डाग पडत असतील तर मीठ-साखरेचं पाणी किंवा इलेक्ट्रॉल लागेल. नुसतं पाणी ढोसत राहणं धोक्याचं आहे, रक्तातलं सोडियम घसरतं. टेबलांच्या पहिल्या टोकाला झुंबड असते, पुढच्या टोकाला निवांत मिळतं.

काखा, मांड्या, स्तनाग्रं, ब्राच्या पट्ट्याखालची जागा इथे व्हॅसलिन. पुरुषांनी छातीवर बँडेडच्या पट्ट्या लावाव्यात, नाहीतर शेवटच्या फोटोत टी-शर्टवर लाल डाग दिसतात. पाळीची तारीख जवळ असेल तर त्या दिवशी वापरायची वस्तू लांब धावण्यात एकदा वापरून पाहा.

८. एक्स्पो आणि शेवटचा आठवडा

बिब शर्यतीच्या सकाळी मिळत नाही. आधीच्या दिवसांत भरणाऱ्या एक्स्पोत, म्हणजे शर्यतीच्या प्रदर्शनात, जाऊनच घ्यावा लागतो. शनिवार टाळा. रांगेत आणि स्टॉलवर तीन तास उभं राहून पाय जड होतात. बाहेरगावचे असाल तर शुक्रवारी या, बिब घ्या, बाहेर पडा. सोबत मूळ ओळखपत्र आणि नोंदणीची पुष्टी, मोबाइलवरही आणि कागदावरही.

बिबच्या मागे किंवा बिबवरच चिप असते. ती दुमडू नका. मागच्या बाजूला औषधांची ॲलर्जी आणि घरचा नंबर लिहा.

शेवटच्या आठवड्यात दोनदा चार-चार किलोमीटर, बस. अंग जड वाटेल, कुठेतरी काहीतरी दुखल्यासारखं होईल. जवळपास सगळ्यांचं होतं. शनिवारी झोप लागणार नाही, म्हणून शुक्रवारची झोप राखा.

९. शर्यतीची पहाट

पहाटेच्या खास लोकलचं वेळापत्रक त्या आठवड्यात जाहीर होतं का ते पाहा, आणि तरीही दुसरा पर्याय हाताशी ठेवा. रस्ते बंद असतात, टॅक्सी शेवटपर्यंत पोचत नाही. माहीम किंवा वांद्रे स्थानकावरून पायी जाण्याची तयारी ठेवा. सुटण्याच्या निदान पाऊण तास आधी आत असावं. पोचल्याबरोबर शौचालयाची रांग धरा, गरज वाटो न वाटो.

सामान जमा करायची सोय असेल तर पिशवीत कोरडा टी-शर्ट, चपला, थोडे पैसे. थंडी वाजेल म्हणून जुना शर्ट घाला, गरम झालं की काढून कमरेला बांधा.

पहिला किलोमीटर गर्दीत जातो. लोकांना डावी-उजवीकडून ओलांडत बसू नका, त्यात अंतरही वाढतं आणि दमही जातो. पुलावर बघे नसतात, ढोल नसतात. हजारो बुटांचा आवाज आणि कुणाच्या तरी खिशातला फोन वाजतो तेवढंच. इथे लोक सेल्फीसाठी अचानक थांबतात, त्यामुळे पुढच्याच्या पाठीला चिकटून धावू नका. पूल उतरताना हलका उतार लागतो, वारा लागतो, आपण राजे आहोत असं वाटतं. तिथेच लगाम धरा.

हाजी अलीला स्वतःला विचारा, आता गाता येईल का? एक ओळ गुणगुणता आली तर ठीक. नाही आली तर चढाआधी मिनिटभर चाला, पाणी घ्या, दोन खजूर खा. पेडर रोडवर राहणारे लोक रस्त्यावर उतरून बिस्किटं, संत्र्याच्या फोडी, चिक्की पुढे करतात. त्यांचं प्रेम घ्या, हात मिळवा. खायचं मात्र ते, जे सरावात खाल्लं आहे. संत्र्याच्या सालींवरून पाय घसरतो, खाली लक्ष असू द्या.

छातीत दुखणं, चक्कर, अंगावर काटा येऊन घाम थांबणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच जागी कडेला व्हा आणि स्वयंसेवकाला हाक मारा. पुढच्या वर्षी शर्यत आहेच.

मरीन ड्राइव्हवर अजून काही शिल्लक असेल तर शेवटच्या तीन किलोमीटरसाठी ठेवा, चौपाटीला उधळू नका. चर्चगेटकडे वळलात की रस्ता अरुंद होतो, माणसं वाढतात, आणि सीएसएमटीचा घुमट दिसायच्या आधीच शेवटच्या कमानीचा भोंगा ऐकू येतो.

रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नका. पदक, पाणी, खाऊचा डबा घेऊन दहा मिनिटं चालत राहा, कोरडा टी-शर्ट घाला. मध्य आणि हार्बरवाल्यांना सीएसएमटी जवळ, पश्चिमवाल्यांना चर्चगेट. भुयारी मार्गाच्या पायऱ्या उतरताना कठडा धरा. आणि सोमवारची रजा आधीच टाकून ठेवा, त्या दिवशी जिने चढण्यापेक्षा उतरणं जास्त दुखतं.